किनारा नसलेला मुलूख : सूरजागड

१८६० च्या दशकात इंग्रज इंजिनिअरांनी गोदावरी आणि प्राणहितेच्या पात्रातून मालाच्या बोटी चालवायचा घाट घातला होता. हिंगणघाटच्या बाजूचा कापूस बैलगाड्यांनी मुंबईला नेण्यापेक्षा नदीवाटे काकिनाड्याच्या बंदरात उतरवावा, असा त्यांच्यातल्या सर आर्थर कॉटन यांचा आग्रह होता. या वाटेवर तीन ठिकाणी खडकांनी पात्र अडवलं होतं. दोन अडथळे गोदावरीत, दुम्मागुडेम आणि इंचमपल्ली इथे, आणि तिसरा प्राणहितेवर, अहेरीच्या मुलखातल्या देवलमरीपाशी. बांध आणि कालव्यांची कामं सुरू झाली, पैसा ओतला गेला. पण १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, कापसाला सोपी वाट मिळाली आणि १८७१ मध्ये सरकारने हे काम सोडून दिलं.

आजच्या गडचिरोली जिल्ह्याला समुद्राशी जोडणारा हा पहिला मोठा प्रयत्न होता. त्यात गडचिरोलीचं हित कुणाच्याच मनात नव्हतं. कापूस वर्ध्याचा, बंदर आंध्रचं आणि कारखाने इंग्लंडातले. हा मुलूख म्हणजे त्यांच्या वाटेतला खडक. पुढच्या दीडशे वर्षांत इथे सागवानासाठी, बांबूसाठी आणि आता लोखंडासाठी ज्या वाटा काढल्या गेल्या, त्यांच्याकडे पाहताना ही सुरुवात ध्यानात ठेवायला हवी.

समुद्रकिनारा नसलेले देश जगात चाळीसच्या वर आहेत आणि त्यांतले १६ एकट्या आफ्रिकेत आहेत. भूगोलाच्या पुस्तकांत या देशांची ओळख एका ठरावीक क्रमाने होते : जमीन, माणसं, राज्यकारभार, अर्थव्यवस्था. याच क्रमाने आपण आपल्याच राज्यातला एक मुलूख पाहू. गडचिरोली हा अर्थातच देश नाही. पण त्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या १० लाख ७२ हजारांच्या वर. दक्षिण आफ्रिका आणि मोझांबिकच्या मधे वसलेला इस्वातिनी, म्हणजे पूर्वीचा स्वाझीलंड, १७,३६४ चौरस किलोमीटरचा आहे आणि त्याची लोकसंख्या बारा लाखांच्या आसपास आहे. दोघांनाही किनारा नाही आणि दोघांच्याही डोंगरांत उत्तम प्रतीचं लोखंड आहे. इस्वातिनीतलं लोखंड काढून झालं. गडचिरोलीतल्या सूरजागडचं काढणं नुकतं कुठे सुरू झालं आहे. म्हणूनच ही तुलना वेळेवरची आहे.

पाणी, डोंगर, जंगल

गडचिरोलीच्या सीमा बऱ्याच अंशी नद्यांनी आखल्या आहेत. पश्चिमेला वैनगंगा. चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते आणि पुढे दोघी मिळून प्राणहिता होतात. सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीत उतरते. आग्नेयेला बस्तरातून आलेली इंद्रावती वाहते आणि तीही सोमनूरजवळ गोदावरीलाच मिळते. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तिघींचा संगम आहे. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि त्यापलीकडच्या गावांना बाजार, दवाखाना, कचेरी सगळंच परकं होतं.

म्हणजे या मुलखाला पाण्याची वाण नाही. वाण आहे ती वाटेची. जिल्ह्यातलं वर्षानुवर्षं एकमेव राहिलेलं रेल्वे स्थानक वडसा, तेही अगदी उत्तर टोकाला, गोंदिया–बल्लारशा मार्गावर. वडशाहून सिरोंच्याला जायचं तर अडीचशे किलोमीटरच्या आसपास रस्ता तुडवावा लागतो. आणि एवढ्या पाण्याच्या मुलखात मोठा उपसा झाला तो पलीकडच्यांसाठी. २०१९ मध्ये तेलंगणाने गोदावरीवर मेडीगड्डा बॅरेज बांधून पुरं केलं. त्याचं पाणी तेलंगणाच्या शेतांकडे वळलं आणि फुगवट्याची झळ सिरोंचा तालुक्यातल्या शेतकऱ्यांना बसली.

जिल्ह्याच्या तीन चतुर्थांशाहून अधिक भूभागावर जंगल आहे. आलापल्लीचं सागवान इंग्रजांच्या काळापासून नावाजलेलं. तिथला जुन्या सागांचा एक पट्टा २०१४ मध्ये राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून राखला गेला. आलापल्लीहून एटापल्ली आणि तिथून छत्तीसगडच्या दिशेने निघालं की डोंगर उंचावत जातात. हेडरी गाव ओलांडलं की सूरजागडची रांग सुरू होते.

या रांगेत सापडणारं खनिज म्हणजे हेमॅटाइट. बैलाडिला, रावघाट आणि दल्ली-राजहरा या छत्तीसगडच्या प्रसिद्ध लोहडोंगरांशी याचं नातं आहे. सगळे एकाच अतिप्राचीन भूखंडावरचे. अशा खडकाचा तुकडा हातात घेतला तर त्यात लोखंडाचा गडद लालसर-करडा पट्टा, मग गारेचा फिका पट्टा, पुन्हा लोखंडाचा, असे थरावर थर दिसतात. अडीचशे कोटी वर्षांच्याही मागे पृथ्वीवरच्या समुद्रांत लोह विरघळलेलं होतं. सूक्ष्म जीवांनी पाण्यात प्राणवायू सोडायला सुरुवात केल्यावर ते लोह गंजासारखं तळाशी बसत गेलं. त्याचेच हे थर. पुढे कोट्यवधी वर्षं पाणी झिरपून जिथे गारेचा भाग धुऊन गेला, तिथे समृद्ध खनिज उरलं. आज समुद्रापासून इतक्या लांब असलेला हा डोंगर एका आदिसमुद्राच्या तळाशी जन्मला आहे.

माणसं

एटापल्ली आणि भामरागड हे माडिया गोंडांचे तालुके. महाराष्ट्रात केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिम गट म्हणून नोंदलेल्या तीन जमाती आहेत : माडिया, कोलाम आणि कातकरी. माडिया भाषा गोंडीच्या कुळातली, म्हणजे द्रविड. ती तेलुगूला जवळची आणि मराठीला लांबची. त्यामुळे सूरजागडच्या पोराला शाळेत पहिल्या दिवशी कानावर पडणारी मराठी परभाषाच असते.

गडचिरोली मात्र एका भाषेचा जिल्हा कधीच नव्हता. वडसा-आरमोरीकडे झाडीबोली चालते. दिवाळीनंतर रात्र रात्र रंगणारी झाडीपट्टीची नाटकं याच बोलीच्या मुलखात उभी राहिली आणि वडसा हे त्या नाटक मंडळ्यांचं माहेरघर आहे. कोरचीकडे छत्तीसगढी, सिरोंच्याला तेलुगू. मुलचेरा आणि चामोर्शीच्या काही गावांत बंगाली बोलली जाते, कारण पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना सरकारने तिथे वसवलं. गोंड, माडिया, परधान, हलबा, कंवर आणि बिगर-आदिवासी शेतकरी जाती मिळून हा जिल्हा बनतो. जिल्ह्यात आदिवासींचं प्रमाण ३८ टक्क्यांच्या वर आहे, आणि एटापल्ली-भामरागडात तर बहुसंख्य तेच आहेत.

माडियांचं जग गावापाशी संपत नाही. अनेक गावं मिळून एक इलाका होतो. त्यालाच पट्टी असंही म्हणतात. सूरजागड इलाक्यात सत्तरच्या आसपास गावं येतात. गावाचा गायता धार्मिक विधी सांभाळतो, पेरणीच्या आधी, नवं धान्य खायच्या आधी पंडुम नावाचे सण होतात, आणि गावाचे निर्णय गोटुलात बसून केले जातात. बाहेरच्या लेखकांनी गोटुलाचं वर्णन बहुतेक वेळा तरुण पोरापोरींचं नाचघर असंच केलं. गडचिरोलीत त्याच गोटुलात बसून गावं भांडणं मिटवतात, पाहुण्याला उतरवतात आणि हल्ली विडीसाठीच्या तेंदूपानांच्या लिलावाची बोलीही ठरवतात.

सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचं ठाणं आहे. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिथे यात्रा भरते. इलाक्यातली गावं आपापले देव घेऊन येतात, छत्तीसगडच्या बाजूनेही लोक येतात. माडियांच्या दृष्टीने ज्या कड्यात देव राहतो, तो कडा म्हणजेच देव. त्याला उचलून दुसरीकडे बसवता येत नाही. या डोंगराबद्दलच्या वादात ही गोष्ट पहिल्यांदा समजून घ्यायला हवी.

कारभार

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांची सत्ता अठराव्या शतकाच्या मध्यावर गेली, नागपूरकर भोसले आले, १८५४ मध्ये इंग्रज आले. दक्षिणेकडच्या जंगलावर प्रत्यक्ष अंमल मात्र जमीनदारांचा होता आणि त्यांत अहेरीची जमीनदारी सर्वांत मोठी. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललं. ते पकडले गेले आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्यांचं नाव आजही इथल्या सभांमध्ये घेतलं जातं.

इंग्रजांनी हा प्रदेश अर्धवट वगळलेला म्हणून वेगळ्या कायद्याखाली ठेवला. स्वातंत्र्यानंतर जमीनदाऱ्या गेल्या आणि संविधानाच्या पाचव्या अनुसूचीचं संरक्षण आलं. १९५६ पर्यंत हा भाग मध्य प्रदेशात, मग चार वर्षं द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. राज्यं बदलली तरी जिल्ह्याची कचेरी चंद्रपूरलाच राहिली. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच सुमारास, १९८० पासून, गोदावरी ओलांडून नक्षलवादी इथे आले. पुढची चाळीस वर्षं माडिया माणूस दोन बंदुकांच्या मधे जगला. रात्री नक्षलवाद्यांचं दलम जेवण मागायला यायचं आणि सकाळी पोलीस त्याचा जाब विचारायला.

आता तो काळ सरतो आहे. १ जानेवारी २०२५ ला गर्देवाडा–वांगेतुरी भागात एसटीची बस पहिल्यांदा धावली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर साठ साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवली. बंदूक हटते आहे, ही इथल्या माणसासाठी मोठी गोष्ट आहे. तिच्या मागे उरलेली जागा कोण भरणार, हा आजचा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचं एक उत्तर गडचिरोलीनेच देशाला दिलं आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने ऐंशीच्या दशकापासून सगळे निर्णय सर्वसहमतीने घ्यायची रीत घालून घेतली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही या कामातली दोन मोठी नावं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात हा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांत मेंढा आहे. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. आजवर वनखात्याने द्यायचा परवाना आता गाव स्वतः देऊ लागलं.

या बदलाचा पाया दोन कायद्यांनी घातला. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीवर अधिकार दिले. वनहक्क कायद्याने जंगल राखण्याचा आणि वापरण्याचा हक्क मान्य केला. केंद्राच्या २००९ च्या परिपत्रकाने तर वनजमीन दुसऱ्या कामाला देण्याआधी ग्रामसभेची संमती लागेल असं सांगितलं. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरातल्या खाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये निर्णय ग्रामसभांवर सोपवला. डोंगरिया कोंधांच्या बारा गावांत सभा झाल्या आणि बाराच्या बारा गावांनी देवाच्या डोंगरात बॉक्साइटची खाण नको असं सांगितलं. आणि ती झाली नाही.

पान आणि बांबू

मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सूरजागडच्या कुठल्याही गावात दिवस पहाटे चारला उजाडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई झालेली असते, म्हणजे तेंदूची झुडपं बुडाशी छाटलेली असतात. त्यांना आता लाल कोवळी झाक जाऊन मऊ पण जाडसर पानं आलेली असतात. ऊन चढायच्या आत पानं तोडून, मोठं गाठोडं डोक्यावर घेऊन बाया घरी येतात. मग म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळं घर मांडवाच्या सावलीत बसतं. फाटकी, भोकाची पानं बाजूला काढायची, देठाला देठ जुळवायचा, सत्तर पानं झाली की सालीच्या दोरीने बांधून पुडा करायचा. संध्याकाळी पुडे गावाजवळच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या जागी, जातात. तिथे मुंशी शेकड्याने मोजून ओळीत मांडून घेतो. पुढे उन्हात वाळवण, पलटाई आणि बोदभराई, म्हणजे गोण्या भरणं. हजार पुड्यांची एक गोणी होते, म्हणजे सत्तर हजार पानं. एका घराने दिवसाला दोनशे पुडे बांधले असं धरलं, तरी चौदा हजार पानं माणसांच्या बोटांखालून गेलेली असतात.

हंगाम जेमतेम दहा-पंधरा दिवसांचा. त्यात अवकाळी पाऊस आला तर पानावर डाग पडतात आणि पान जातं. तरी अनेक घरांच्या हाती वर्षात येणारी सर्वांत मोठी रोख रक्कम हीच. धानाचं पीक पोटासाठी. मोहफुलं, चारोळी, हिरडा, मध, चिंच हे जंगलाचं देणं थोडंथोडं वर्षभर मिळत राहतं. पण पोरीचं लग्न, पोराच्या वसतिगृहाचा खर्च आणि दवाखाना हे सगळं पानावर निघतं.

पूर्वी हा व्यापार वनखातं आणि ठेकेदार यांच्यात चाले आणि गावाच्या वाट्याला फक्त मजुरी येई. वनहक्कानंतर २०१३ च्या सुमारास गडचिरोलीतल्या ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या. मजुरीशिवाय रॉयल्टीही गावाच्या खात्यात येऊ लागली. काही ग्रामसभांनी त्या पैशातून जंगल राखायला माणसं ठेवली. बांबूच्या बाबतीतही हेच घडलं. बल्लारपूरच्या कागद गिरणीसाठी पिढ्यान्‌पिढ्या इथून बांबू जात होता. तो तोडणारा मजूर गडचिरोलीचा असला तरी मालकी त्याची नव्हती. २००६ च्या कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवलं, आणि मालकी गावाकडे आली.

या अर्थव्यवस्थेचीही एक कमजोरी आहे. तेंदूचं पान शेवटी विडीच्या बाजारावर टेकलेलं आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तेंदूपानावर १८ टक्के आणि विडीवर २८ टक्के कर बसला. शिवाय ठेकेदाराने पैसे थकवले तर ग्रामसभेला वसुलीसाठी कचेऱ्यांचे खेटे घालावे लागतात. झांबियाचं तांब्याबाबत असंच झालं. १९६४ मध्ये स्वतंत्र झालेला तो देश तांब्यावर उभा होता. माल बंदराला न्यायच्या दक्षिणेकडच्या वाटा ऱ्होडेशियातल्या गोऱ्या राजवटीने अडवल्या, म्हणून चीनच्या मदतीने दार-एस-सलामपर्यंत १,८६० किलोमीटरची ताझारा रेल्वे बांधली गेली. ती पुरी होईतो, १९७५ च्या सुमारास तांब्याचा भाव कोसळला आणि देश कर्जात बुडाला. म्हणजे वाट मिळाली तरी एकाच मालावर जगणाऱ्याचा भाव दुसराच ठरवतो.

लोखंड

चांद्याचं लोखंड नवं नाही. कोळशाच्या छोट्या भट्ट्यांवर ते गाळणाऱ्या स्थानिक लोहारांच्या नोंदी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अहवालांत आहेत. सूरजागडची आजची खाण वेगळ्याच मापाची आहे. २००७ मध्ये लॉइड्स मेटल्स या कंपनीला इथल्या ३४८.०९ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. वनहक्क कायद्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले, म्हणजे पट्टा आधी आणि जंगलावरचा गावाचा हक्क नंतर, असा हा क्रम. प्रत्यक्ष काम २०१६ मध्ये सुरू झालं. त्याच डिसेंबरात माओवाद्यांनी एका दिवसात पाऊणशेहून अधिक वाहनं जाळली. २०२१ पासून मोठ्या पोलीस बंदोबस्तात थांबलेलं काम पुन्हा सुरू झालं. वर्षाला तीस लाख टनांची मर्यादा २०२३ मध्ये एक कोटी टनांवर गेली आणि २०२५ मध्ये त्याच्याही दुपटीहून अधिक वाढवायला मंजुरी मिळाली.

या वाढीचा वेग डोळ्यांनी दिसतो. आलापल्ली–आष्टी रस्त्यावर लोहखनिजाने भरलेल्या ट्रकांची रांग, दोन्ही बाजूंच्या शेतांवर तांबूस धूळ आणि अपघातांच्या बातम्या. दुसऱ्या बाजूला चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीला कारखाना उभा राहिला. हेडरीहून कोनसरीला लोहखनिजाची पूड पाण्यात कालवून नळातून न्यायची सुमारे ८५ किलोमीटरची वाहिनी जुलै २०२५ मध्ये सुरू झाली. नळाने माल गेला तर ट्रक कमी होतील, हा तिचा चांगला भाग. जिल्ह्याच्या तरुणांना पहिल्यांदाच घराजवळ पगाराची नोकरी मिळते आहे. ज्या जिल्ह्यातला मुलगा नोकरीसाठी नागपूर, हैदराबाद गाठायचा, तिथे हे लहान नाही. कच्चं खनिज बाहेर न पाठवता पोलाद जिल्ह्यातच बनवायचं, हे धोरण तर आफ्रिकेतल्या कित्येक देशांना साठ वर्षांत साधलेलं नाही.

पैशाचा हिशोबही समजून घेऊ. लोहखनिजावर किमतीच्या १५ टक्के रॉयल्टी राज्याला मिळते. २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. त्याआधीच्या पट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के एवढी जादा रक्कम या निधीत भरावी लागते. ती खाणबाधित भागातल्या पाणी, आरोग्य, शिक्षण यांवर खर्चायची असते. म्हणजे शंभर रुपयांच्या खनिजावर साडेचार रुपये बाधित भागासाठी. खनिज कोटी टनांनी निघेल तेव्हा ही रक्कमही कोटींची होते. तो पैसा खाणीच्या पायथ्याच्या गावात पोचतो की जिल्ह्याच्या ठिकाणच्या इमारतींत जिरतो, यावर सगळं अवलंबून आहे.

आणि मग राहतो डोंगर. इलाक्यातल्या ग्रामसभांनी खाणीला विरोधाचे ठराव केले आहेत. २०२३ च्या मार्चपासून तोडगट्टा इथे नव्या खाणींविरुद्ध लोक महिनोन्‌महिने ठिय्या देऊन बसले होते. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी ते आंदोलन उठवलं. उत्पादन वाढवण्यासाठीची जनसुनावणी २७ ऑक्टोबर २०२२ ला झाली, पण सूरजागडला किंवा एटापल्लीला नव्हे, गडचिरोलीत, जिल्हाधिकारी कार्यालयात. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या, मराठीही नीट न येणाऱ्या बाईला आपलं म्हणणं मांडायला शंभराहून अधिक किलोमीटर यावं लागलं. सुनावणी घेतली म्हणजे ऐकून घेतलं, असं होत नाही.

दोन देश, दोन वाटा

इस्वातिनीच्या एन्ग्वेन्या डोंगरात हजारो वर्षांपूर्वी माणसं लाल गेरूसाठी हेमॅटाइट खणत होती. ती जगातल्या सर्वांत जुन्या खाणींपैकी एक मानली जाते. १९६४ मध्ये त्याच डोंगरातलं लोहखनिज जपानला पाठवण्यासाठी मोझांबिकच्या बंदरापर्यंत रेल्वे बांधली गेली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चांगलं खनिज संपलं आणि खाण बंद झाली. मागे पाण्याने भरलेला मोठा खड्डा राहिला. पुढे २०११ मध्ये जुन्या ढिगाऱ्यांतून उरलंसुरलं लोखंड काढायला पुन्हा काम सुरू झालं आणि तीन-एक वर्षांत तेही थांबलं. तिथल्या कायद्यात खनिजं राष्ट्राच्या वतीने राजाकडे विश्वस्त म्हणून असतात. खाणकाम काय, किती, कुणासाठी, हे डोंगराखालच्या माणसाच्या हाती नव्हतं.

बोत्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या अत्यंत गरीब देशांपैकी एक होता. डांबरी रस्ते मोजून काही किलोमीटर. त्याआधी या मुलखाचा कारभार देशाबाहेरच्या, दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंगहून चाले. १९६७ मध्ये ओरापाला हिरे सापडले. ती जमीन राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याच बमंग्वाटो जमातीची होती. तरी त्याच वर्षीच्या कायद्याने खनिजांचा हक्क जमातींकडून देशाकडे आला आणि सगळ्या जमातींनी तो मानला. हिऱ्यांच्या कंपनीत सरकारचा वाटा वाढत जाऊन निम्म्यावर आला. तो पैसा शाळा, दवाखाने, रस्त्यांत गेला. १९९४ मध्ये पुढच्या पिढ्यांसाठी पुला फंड नावाचा निधी उभा राहिला. यामागे एक जुनी सवयही होती. बोत्स्वानातल्या गावांत खोट्ला नावाची सभा भरते, मुखियासमोर कुणीही उठून बोलू शकतो आणि मंत्र्यांनाही तिथे जाऊन आपला कायदा समजावून द्यावा लागतो.

बोत्स्वानाच्या या कौतुकाला एक काळी बाजू आहे आणि सूरजागडला तीच सर्वांत लागू पडते. कलाहारीच्या मध्यभागातल्या अभयारण्यात राहणाऱ्या सान लोकांना सरकारने १९९७ आणि २००२ मध्ये त्यांच्या पिढीजात जमिनीवरून हलवलं. ते न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये उच्च न्यायालयाने हे हलवणं बेकायदा ठरवलं. पाण्यासाठी विहीर वापरण्याचा हक्क मिळवायला त्यांना २०११ पर्यंत पुन्हा झगडावं लागलं. २०१४ मध्ये त्याच अभयारण्यात हिऱ्याची खाण उघडली आणि काही वर्षांत थांबली. बहुसंख्यांची सभा कितीही मोकळी असो, तिच्यात अल्पसंख्य सान माणसाची खुर्ची नव्हती. देश श्रीमंत झाला तरी डोंगरातला माणूस उपरा राहू शकतो.

सूरजागडची मोजणी कशाने करावी

खाण सुरू आहे, कारखाना उभा राहतो आहे, २०२५ मध्ये राज्याने गडचिरोलीच्या खाणकामासाठी खास प्राधिकरणाचा कायदाही केला. आता विकास हवा की नको, असा वाद घालण्यात अर्थ नाही. सूरजागडची माणसं रस्ता, दवाखाना, शाळा, नोकरी यांतलं काहीही नको म्हणत नाहीत. आपल्याला विचारा, एवढंच ती म्हणतात.

म्हणून येत्या दहा वर्षांत काही गोष्टी पाहत राहायला हव्यात. नव्या पट्ट्याची सुनावणी इलाक्यातल्या गावात, माडिया भाषेत होते का. ग्रामसभेने नाही म्हटलं तर ते नाही टिकतं का, की पोलीस आणून पुन्हा विचारलं जातं. खनिज निधीतला रुपया कुठल्या गावात खर्च झाला हे त्या गावाला कळतं का. कोनसरीच्या कारखान्यात माडिया मुलगा सफाईच्या कामाला लागतो की भट्टीवर अभियंता होतो, त्याला शिकवायला कोण पैसा घालतं. ठाकूरदेवाचं ठाणं खाणीच्या हद्दीबाहेर कायमचं राखलं जातं का. लोखंड संपेल त्या दिवसासाठी आजच बाजूला किती ठेवलं जातं, कारण तो दिवस इस्वातिनीत वीस वर्षांच्या आत आला. आणि तेंदू-बांबूचं जे राज्य ग्रामसभांनी कष्टाने उभं केलं, त्याच्या मुळावर खाण येते का.

यांतल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देण्याची ताकद गडचिरोलीत आहे. देशाला ग्रामसभेचं राज्य शिकवणारं मेंढा याच जिल्ह्यात आहे. त्याने जंगल राखूनही पैसा मिळवून दाखवला आणि एकमताने निर्णय घेऊनही कामं अडत नाहीत हे सिद्ध केलं. कायदे आहेत, निधी आहे, बंदूक मागे हटते आहे. आता सरकारने आणि उद्योगाने सूरजागडच्या गोटुलात जाऊन जमिनीवर बसायचं आणि गाव काय म्हणतं ते पुरतं ऐकून मगच पुढचं पाऊल टाकायचं. हे काम मुंबईहून किंवा गडचिरोलीच्या कचेरीतून होणार नाही.